कापूस निघाल्यावरचे दिवस

जळगाव स्टेशनाबाहेर परगावचं माणूस दिसलं, की रिक्षावाले एकच प्रश्न विचारतात, "अजिंठा?" साठेक किलोमीटरवरच्या त्या लेण्यांनी या शहराचं भलं केलं की वाईट, हे ठरवणं अवघड आहे. जगभरातले चित्रवेडे इथे उतरतात, चहा पितात, गाडी ठरवतात आणि निघून जातात. जळगावात बघायचं काय, असं त्यांनी विचारलंच तर उत्तर मिळतं: केळी, सोनं आणि भरीत. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

मी आले होते ती कार्तिक ते पौष या दिवसांसाठी. कपाशीची पहिली वेचणी विकून झालेली असते, हरभरा-गहू पेरून झालेला असतो, हातात थोडा पैसा असतो आणि अंगाला हवा सोसते. एप्रिल-मे महिन्यांत इथलं ऊन कुणालाही कलेची आठवण होऊ देत नाही. त्यामुळे रथ, यात्रा, नाटकं, चित्रप्रदर्शनं, गाण्याच्या मैफली असं सगळं या थंडीतच कोंबलेलं असतं. मुंबईत एखाद्या कलाकेंद्राची छापील दिनदर्शिका घेतली की सहा महिन्यांचं काम भागतं. इथे तसं केंद्र नाही. कार्यक्रमपत्रिका आपली आपणच जुळवायची: भिंतीवरचं पोस्टर, वाचनालयातला फलक, कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं निमंत्रण आणि चहाच्या टपरीवरची पक्की खबर.

माझी जुळणी सुरू झाली कार्तिकी एकादशीला, जुन्या जळगावात. श्रीरामाचा रथ १८७२ पासून निघतो. अप्पा महाराजांनी सुरू केलेला हा उत्सव आहे. आधीचे काही दिवस रोज रात्री वेगवेगळं वहन निघतं आणि एकादशीला रथ. गर्दी रथाकडे बघत होती, मी मात्र चाकांजवळच्या माणसांकडे बघत राहिले. त्यांच्या हातात लाकडाची मोगरी असते. रथ वळवायचा, थांबवायचा, उतारावर आवरायचा तो या मोगरीने. फिरत्या चाकाखाली ती नेमक्या क्षणी सरकवायची आणि हात काढून घ्यायचा. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक हातांत असतं, असं माझ्या शेजारच्या मावशींनी सांगितलं आणि वर विचारलं, "तुमच्या पुण्यात गणपती ट्रॅक्टरवर बसवतात ना?" मी गप्प बसले.

त्यानंतर राज्य नाट्य स्पर्धा. ती १९५४ पासून चालू आहे आणि प्राथमिक फेरीचं एक केंद्र जळगाव. नाटकवाल्या मंडळींना मुंबई-पुण्यात या स्पर्धेचं फारसं अप्रूप उरलेलं नाही, पण इथे त्या दिवसांत छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहाच्या मागच्या दाराला जी धांदल असते, ती बघण्यासारखी असते. धुळ्याहून आलेल्या एका हौशी संघात बँकेतला एक कारकून, दोन शिक्षक, एसटीतला एक वाहक आणि बी.एस्सी.ची एक मुलगी होती. टेम्पोत नेपथ्य चढवताना खिडकीची चौकट मावेना, तेव्हा वाहकदादा ओरडले होते म्हणे, "खिडकी ऱ्हाऊ दे रे भो, नाटक तं घ्या सोबत!" चौकट शेवटी एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने दोन मुलांनी टेम्पोच्या टपावर बसून, हाताने धरून आणली. नाटक मध्यम होतं. दुसऱ्या अंकात लेखकाला जे सांगायचं होतं ते चार पात्रांनी पाळीपाळीने सांगितलं. पण खिडकी उघडून त्या मुलीने बाहेर बघितलं तेव्हा प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला बाहेर काहीतरी आहे असं वाटलं. एवढं साधणारे नट मी मोठ्या रंगमंचांवरही रोज बघत नाही.

चित्रांचं म्हणाल तर जळगावात पु. ना. गाडगीळ यांचं कलादालन आहे. खान्देश कॉलेज एज्युकेशन सोसायटीच्या ओजस्विनी कला महाविद्यालयातून दर वर्षी नवी मुलं हातात कुंचला घेऊन बाहेर पडतात. विकास मल्हारांसारखा अमूर्त चित्रं काढणारा चित्रकार याच गावात राहून काम करतो. राजू बाविस्करांनी आपल्या चित्रांमागचं सगळं जगणं 'काळ्यानिळ्या रेषा' या आत्मकथनात लिहिलं आहे. ते मी आधी वाचलेलं असल्याने इथल्या गल्ल्या मला थोड्या ओळखीच्या वाटत होत्या. एका दुपारी दालनात विद्यार्थ्यांची जलरंगातली चित्रं बघितली. गावातला वाडा, बैलगाडी, पाणवठा हे ठरलेले विषय होतेच, आणि त्यांच्याकडे मी फार वेळ थांबले नाही. पण एका चित्रात केळीच्या घडांनी भरलेला ट्रक होता, मागून बघितलेला, आणि त्यातला हिरवा रंग असा होता की तो घरी बसून सुचणार नाही. पहाटे रावेरच्या बाजूला रस्त्यावर उभं राहिल्यावरच तो दिसतो.

जैन हिल्सवरच्या गांधीतीर्थाला (२०१२ मध्ये ते सुरू झालं) शाळांच्या सहली येतात. मांडणी नेटकी आहे, ऐकत-बघत पुढे जायचं. मला मात्र त्यापेक्षा जुन्या जळगावातला बहिणाबाई चौधरींचा वाडा जास्त बोलका वाटला. त्यांच्या वापरातल्या घरच्या आणि शेतातल्या वस्तू तिथे जपल्या आहेत. १९५१ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांचं एकही पुस्तक नव्हतं. मुलगा सोपानदेव यांनी टिपून ठेवलेली गाणी अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये छापली गेली. म्हणजे गाणी होती, ऐकणारे होते, फक्त त्यांना कवयित्री म्हणणारं कुणी नव्हतं. खान्देशातल्या कलेबद्दल बोलताना ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

डिसेंबरात यावलमार्गे फैजपूरला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्ये मध्ये वांग्यांचे वाफे. फैजपूर गावात उतरून मी एका दुकानदाराला विचारलं, की काँग्रेसचं अधिवेशन कुठे भरलं होतं. त्याने दिशा दाखवली आणि म्हणाला, "नेहरू आले होते." खरं आहे. १९३६ च्या डिसेंबरात इथे, एका खेड्यात, पहिल्यांदाच काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. पण मी आले होते दुसऱ्याच माणसासाठी. शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांना गांधीजींनी इथली सजावट करायला बोलावलं. आपण चित्रकार, मंडप-कमानी उभारणं हे आपलं काम नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. गांधीजी ऐकले नाहीत. अट अशी, की जे काही करायचं ते गावात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि गावच्या हातांकडून. तेव्हा बांबू, गवत, माती, खादी यांतून एक अख्खं नगर उभं राहिलं. खादी-ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन करताना गांधीजींनी या कामाचं भरभरून कौतुक केलं.

आधुनिक भारतीय कलेच्या पुस्तकांत याच नंदलालांची १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठीची चित्रं असतात, रंगीत, पानभर. फैजपूरला एक ओळ मिळाली तर मिळते. कारण उघड आहे: हरिपुऱ्याची चित्रं कागदावर होती, ती टिकली. फैजपूरचं काम बांबू-गवताचं होतं, ते अधिवेशन संपल्यावर उकललं गेलं. कुणाच्या गोठ्याला त्यातले बांबू लागले असतील, कुणाची चूल त्यावर पेटली असेल. माझ्या मते खान्देशात आजवर भरलेलं सर्वांत मोठं कलाप्रदर्शन तेच. त्याचं आज काही शिल्लक नाही, याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्याची आठवण एका पुढाऱ्याच्या नावापुरती उरली याचं.

परतीच्या वाटेवर भुसावळला थांबले. रेल्वेचं गाव, फलाटांवर फलाट. इथल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत रॉबर्ट गिलची कबर आहे. १८४४ पासून पुढे जवळजवळ वीस वर्षं हा लष्करी अधिकारी अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. बहुतेक नकला लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ मध्ये तिथल्या आगीत जळाल्या. गिल परत कामाला लागला. १८७९ मध्ये तो गेला आणि भुसावळच्या मातीत राहिला. त्याच्या आणि अजिंठ्याकडच्या पारोच्या प्रेमाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यावर सिनेमाही निघाला. आयुष्यभराचं काम जळून गेल्यावर त्याने पुन्हा रंग कसे कालवले असतील, हे विचारणारं मात्र क्वचित भेटतं.

त्या रात्री एका ओळखीच्या कुटुंबाच्या शेतात भरीत होतं. वांगी पऱ्हाटीच्या आगीत भाजतात, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या काड्यांवर. लाकडाच्या बडग्याने ती ठेचायची, मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी. घरातले आजोबा जेवताना म्हणाले, "लेणी पाहायला जाल तं पाहा. पण चाळीसगावच्या बाबाचं घर पाहिलं का?" पाहिलं नव्हतं, आणि तिथेच जायचं होतं.

चाळीसगाव स्टेशनातून पायी जाता येईल इतक्या जवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे. त्यांनी त्याला नाव दिलं होतं 'रेम्ब्रांट्स रिट्रीट'. १९१२ चा जन्म, पारशी कुटुंब, विलायतेला जाऊन कलेचं शिक्षण, आणि मग तिशीच्या आत या गावी परत. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं, १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, हा माणूस या घराबाहेर फारसा पडलाच नाही. का, याची गोष्ट गावातला प्रत्येक जण सांगतो. मुंबईत एक प्रेयसी होती, तिने निरोप घेताना वचन दिलं होतं, की एक दिवस पंजाब मेलने येईन आणि तुझ्यासोबत जेवेन. म्हणून रोज गाडीच्या वेळी दार उघडं, दिवे लावलेले, दोन माणसांचं ताट मांडलेलं. मलाही ती गोष्ट स्टेशनावरून येताना रिक्षातच ऐकवण्यात आली, आणि सांगणाऱ्याचा आवाज शेवटाला खरोखर भरून आला.

गोष्ट सुंदर आहे यात वाद नाही. पण मी घरात शिरले आणि दहा मिनिटांत तिचा मला राग यायला लागला. कारण भिंतींवर जे आहे ते वाट बघत बसलेल्या माणसाचं काम नाही. ते पहाटे उठून रात्रीपर्यंत राबणाऱ्या माणसाचं आहे. छायाचित्रं, रेखाटनं, लाकडातली कोरीव कामं, माती, कागद, पुस्तकांचा आणि जुन्या वस्तूंचा संग्रह. सगळ्यांत नवल आहे ते टेबलटॉप छायाचित्रांचं. या प्रकारात अख्खं दृश्य टेबलावर रचायचं असतं. थोडी वाळू, काचेचा तुकडा, काटक्या, कापसाचा पुंजका, आणि बाजूने नेमका सोडलेला प्रकाश. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला समुद्र दिसतो, बर्फ दिसतं, वादळ दिसतं. मी एका चित्रासमोर बराच वेळ उभी राहिले, आपण फसतो आहोत हे ठाऊक असूनही. डोळा ऐकत नव्हता.

आता विचार करा, जो माणूस घराबाहेर पडत नाही त्याला समुद्र हवा असेल तर तो काय करेल? टेबलावर करेल. मूस यांचं बाहेर न पडणं आणि त्यांची कला या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. खोलीच्या मापात जग बसवणं हाच त्यांचा उद्योग होता. आणि ते जगापासून तुटलेलेही नव्हते. त्यांची छायाचित्रं पोस्टाने देशोदेशींच्या प्रदर्शनांत जात होती, बक्षिसं येत होती. घर सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानच्या एका गृहस्थांना मी म्हटलं, की तुम्ही लोकांना पंजाब मेल सांगता आणि मग ते भिंतींकडे बघतच नाहीत. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "ताई, पंजाब मेल सांगितली नाही तर ते दारापर्यंतही येणार नाहीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिकिटाच्या पैशांवर कुठलं कलाघर चालतं?

चाळीसगावहून धुळ्याला जायला एक छोटा रेल्वेफाटा आहे, १९०० साली सुरू झालेला. जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर, मोहाडी. गाडी प्रत्येक ठिकाणी मनापासून थांबते. डब्यात दूधवाले, परीक्षेला निघालेली मुलं, आणि लग्नाच्या बस्त्याच्या पिशव्या सांभाळणाऱ्या बाया. एका बाईंच्या मोबाइलवर अहिराणी गाणी चालू होती आणि डब्यातल्या निम्म्या लोकांचे पाय त्यांच्या नकळत हलत होते. त्या गाण्यांना आमच्याकडचे संगीतरसिक नाकं मुरडतात. मुरडोत. ज्या बोलीत नवीन गाणं तयार होतं, ती बोली मरत नाही.

धुळ्यात पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने इथे मुख्य ठाणं केलं आणि जुन्या गावाला लागून सरळ रेघांत नवी पेठ आखली. त्या आखीव शहरात शेवटची काही वर्षं येऊन राहिला तो महाराष्ट्रातला सर्वांत बेशिस्त वाटणारा आणि सर्वांत चिवट संशोधक, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. गावोगाव हिंडून, माळे-तळघरं धुंडाळून त्यांनी कागद गोळा केले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापली. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात गेले. जानेवारी १९२७ मध्ये, म्हणजे दुखवटा उतरण्याच्या आत, भास्कर वामन भट आणि इतर धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. माझ्या वहीत एक नोंद आधीच होती: केकी मूसही गेले ते ३१ डिसेंबरलाच. दोन्ही माणसं एकेकटी, दोघंही हट्टी, दोघांनीही साठवण्यात आयुष्य घातलं. फरक एवढाच, की एक सगळीकडे हिंडला आणि एक कुठेच गेला नाही.

मंडळाचं संग्रहालय बघायला गेले तेव्हा एका शाळेची मुलं आली होती. मूर्ती, नाणी, पोथ्या. मार्गदर्शक मोडी लिपीतला कागद दाखवत होते आणि एका मुलाने विचारलं, "सर, हे डॉक्टरचं अक्षर आहे का?" सगळे हसले, सरही.

त्याहून जास्त वेळ मी समर्थ वाग्देवता मंदिरात काढला. वकिली करणारे शंकर श्रीकृष्ण तथा नानासाहेब देव मठामठांतून फिरून समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं गोळा करत राहिले, ती इथे आहेत. त्यांत रामदासांच्या स्वतःच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकी रामायण आहे. भाविक नमस्कार करून पुढे जातात. मी अक्षर बघत होते. बोरूचा दाब ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला सारखा. समास कुठे ढळलेला नाही, शाई कुठे ओघळलेली नाही. इतक्या पानांत एकदाही हात कंटाळला नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना सुलेखन शिकवायचं तर त्यांना मुंबईला न नेता आधी इथे आणून बसवावं. तिथल्या मावशी मात्र माझ्या इतक्या वेळ बसण्याने जरा चिंतेत पडल्या होत्या. त्यांनी दोनदा पाणी विचारलं.

धुळ्याच्या कार्यक्रमांचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात तुरुंगाचं नाव घ्यावं लागेल. १९३२ मध्ये रविवारमागून रविवार विनोबा कैद्यांसमोर गीतेवर बोलले आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. 'गीता प्रवचने' तिथली. शहराबाहेर गोंदूर आहे, शिल्पकार राम सुतारांचं गाव. १९२५ मध्ये त्यांचा जन्म झाला. जे.जे.मधून बाहेर पडल्यावर ते अजिंठा-वेरूळला पुरातत्त्व खात्यात भग्न मूर्तींच्या दुरुस्तीवर होते. पुढे १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांनी घडवला. गोंदूरमध्ये चहा पिताना एक तरुण म्हणाला, "आमच्या गावच्या माणसाने जगातला सर्वांत उंच पुतळा केला, पण आमच्याकडे चित्रकलेच्या मास्तरांची जागा रिकामी आहे." एवढं बोलून तो गाडीला किक मारून गेला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा जळगाव, बालगंधर्व संगीत महोत्सवासाठी. बालगंधर्वांचा, म्हणजे नारायणराव राजहंसांचा, बालपणातला काही काळ जळगावात गेला, मेहबूब खाँकडे त्यांनी इथेच गाण्याचे पहिले धडे घेतले. त्या नात्याने हा महोत्सव स्व. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान भरवतं. पूर्वी तो बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात व्हायचा. रसिक शाली-स्वेटर गुंडाळून, कानटोप्या घालून बसायचे आणि तानेच्या मध्यात रेल्वेची शिट्टी यायची. आता तो बंदिस्त संभाजीराजे नाट्यगृहात होतो. आवाज स्वच्छ लागतो, तंबोरे गारठून उतरत नाहीत, गायकांना ते बरं. जुने लोक मध्यंतरात कॉफी पिताना त्या थंडीची आठवण काढत होते. मी खुल्या नाट्यगृहातली मैफल ऐकलेली नाही, पण माझा कल बंद दाराकडेच आहे. विलंबित ऐकायला कान हवेत, कुडकुडणं नको.

माझ्या पुढच्या रांगेत एक मुलगी गाणं सुरू झाल्यापासून मांडीवरच्या वहीत काहीतरी करत होती. सुरुवातीला वाटलं, बंदिश लिहून घेते आहे. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा बघितलं, ती तबलजींचे हात काढत होती. पानामागून पान, नुसते हात. काही ठिकाणी बोटं तीन-तीन वेळा, हलताना. गायिकेचा चेहरा तिने एकाच पानावर केला होता आणि तो कोरा सोडला होता. "त्या फार हलतात," ती म्हणाली, तक्रारीच्या सुरात. चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होती, घर पाचोऱ्याकडे, कापसाची शेती. प्रदर्शन करायचं होतं, याच हातांचं. मी विचारलं, कधी? थंडीतल्या तारखा सगळ्या गेल्या, म्हणाली. मार्चमध्ये परीक्षा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख मिळते आहे, दालनही थोडं स्वस्तात पडतं तेव्हा.

"एप्रिलात? जळगावात? त्या उन्हात कोण येईल बाई?"

तिने पेन्सिलीचं टोक बघितलं, पर्समधून शार्पनर काढला आणि म्हणाली, "संध्याकाळी सातनंतर ठेवू ना, ताई. आणि मठ्ठा ठेवू."